चालती स्पोर्ट्स कार अचानक बंद पडते, कोड नाही, आवाज नाही, काहीच नाही. डोकं चालवा मंडळी

दोनसीटर
नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.
माझ्याकडे १९९९ सालची जपानी दोन सीटची उघड्या टपाची गाडी आहे, १.८ लिटर, पाच गिअर, मागच्या चाकांना ओढ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की भक्त आणि द्वेष्टे दोघेही येतात आणि गाडी बिचारी रस्त्याच्या कडेला तशीच राहते. राहायला सनीवेलला, कॅलिफोर्निया. रविवारी सकाळी साराटोगावरून हायवे ९ ने वर स्कायलाइनला जायचं, टप उघडं टाकून तासभर फिरायचं आणि मंडळी उठायच्या आत घरी, एवढंच त्या गाडीचं आयुष्य.
तर झालंय असं की गेले दोन महिने ती चालता चालता मरते. आचके नाहीत, मिसिंग नाही, कोणीतरी शेजारी बसून किल्ली बंद करावी तशी. साधारण २०-२५ मिनिटं चालल्यावर. कधी रस्त्यातल्या खड्ड्याला, कधी अगदी गुळगुळीत रस्त्यावर. सेल मारला की इंजिन फिरतं पण धरत नाही. दहा-पंधरा मिनिटं बसलो की पहिल्या सेलला चालू, जणू काही झालंच नाही. ओबीडीचा रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, एकही कोड नाही. एका गॅरेजने आधी फ्यूएल पंप बदलला, मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) बदलला, मिळून ९०० डॉलर गेले. गॅरेजातून निघालो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टोचन करून घरी आणली. काय करू?

हिंजवडीचा_राजा
विकून टाका आणि इलेक्ट्रिक घ्या. रिले नाही, पंप नाही, कटकट नाही.

दोनसीटर
राजे, इलेक्ट्रिक आहे, ती बायको चालवते. ही मी चालवतो. म्हणजे चालवायचो.

घाटमाथा
आमच्या लहानपणी बाबांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी होती ती दर मे महिन्यात खंबाटकीत हमखास बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, फ्यूएल पंपावर ओलं फडकं टाकायचं, आईने आणलेल्या धपाट्या खायच्या आणि अर्ध्या तासाने निघायचं. व्हेपर लॉक म्हणायचे बाबा. तुमचं वर्णन वाचून तेच आठवलं, गरम झाली की बंद, गार झाली की चालू. फडकं टाकून बघितलं का?

चाकणची_मीनल
@घाटमाथा, फडक्याची आठवण भारी पण इथे लागू नाही. त्या गाड्यांचा पंप इंजिनला चिकटलेला असायचा आणि पेट्रोल ओढून घ्यायचा, दाब अगदी कमी, त्यामुळे पाइपात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसता वाफच चघळत बसायचा. इंजेक्शनवाल्या गाडीत पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पुढे ढकलतो, ४०-६० पीएसआयचा दाब असतो, त्या दाबाखाली पाइपात सहजासहजी वाफ धरत नाही.
दोनसीटर, मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल टेस्टिंगमध्ये आहे त्यामुळे पहिला प्रश्न विचारते आणि नीट आठवून सांगा. बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो? आणि तुम्ही क्लच दाबता का?

दोनसीटर
ताई, खरं सांगायचं तर त्या क्षणी मी मागच्या ट्रकच्या आरशातल्या तोंडाकडे बघत असतो. क्लच दाबतोच, हात आणि पाय आपोआप जातात.

चाकणची_मीनल
तिथेच सगळा पुरावा जातो. क्लच दाबला की इंजिन थांबतं आणि मग सगळेच काटे शून्यावर, त्यातून काही कळत नाही. क्लच सोडलेला असेल आणि गाडी गिअरमध्ये पळत असेल तर चाकं इंजिनला फिरवतच राहतात, पेट्रोल असो नसो. म्हणजे इंजिन प्रत्यक्षात फिरतंय. अशा वेळी:
पेट्रोल बंद झालं असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली येईल.
काटा एका झटक्यात शून्यावर पडला तर इंजिन फिरत असूनही ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते दिसत नाहीये. म्हणजे एकतर क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला, नाहीतर ईसीयूचाच करंट गेला.
दुसरी गोष्ट. कडेला थांबल्यावर किल्ली लगेच मागे फिरवू नका. डॅशबोर्डकडे बघा. ऑइलचा दिवा आणि बॅटरीचा दिवा लागलेला असायला हवा. चेक इंजिनचा दिवा लागलाय का ते मला सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं.
आणि हे प्रयोग हायवे ९ च्या वळणांवर करू नका. सरळ, मोकळा रस्ता, दिवसा, रुंद कड असलेला. गिअरमध्ये ठेवलंत तर इंजिन फिरत असल्यामुळे ब्रेकचा व्हॅक्यूम आणि स्टिअरिंगची मदत बरीचशी टिकते. क्लच दाबलात की मग बूस्टरमध्ये (ब्रेक दाबायला मदत करणारा डबा) एक-दोन दाबांपुरताच साठा असतो, उगाच पंपिंग करत बसायचं नाही, एकदाच घट्ट दाबून थांबायचं. किल्ली पूर्ण मागे तर अजिबात न्यायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

फ्रीमाँटकर
क्रँक सेन्सरच असणार बघा. माझ्या आधीच्या गाडीत सेम टू सेम. आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं, गरम झालं की तार ताणली जाते, कुठेतरी तुटलेली असेल तर तिथे फट पडते, गार झालं की परत चिकटते. क्लासिक.

दोनसीटर
पण दादा, सेन्सर नवा आहे ना, सहा आठवड्यांपूर्वीचा.

फ्रीमाँटकर
नवा म्हणजे ओरिजिनल की ऑनलाइनवरचा १८ डॉलरवाला?

दोनसीटर
...

फ्रीमाँटकर
हाहाहा. ओरिजिनल मागवा.

किल्लीकाढ
इग्निशन स्विच कोणीच बोललं नाही? २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या त्या नेमक्या ह्याच कारणाने. स्विचमधली स्प्रिंग इतकी मऊ होती की किल्लीला जड जुडगा असेल किंवा गुडघा लागला किंवा खड्डा आला तरी किल्ली रनवरून अॅक्सेसरीवर घसरायची, चालत्या गाडीत इंजिन बंद आणि एअरबॅगही बंद. नुकसानभरपाईच्या फंडाने १२४ मृत्यू मान्य केले. म्हणून पहिलं काम, जुडगा काढा. दोनसीटर, तुमच्या किल्लीला काय काय लटकलंय?

दोनसीटर
घराची किल्ली, ऑफिसची, पोस्टाच्या डबीची, जिमची (वापर नाही), एक पितळी गणपती आणि बाटली उघडायचं. ठीक आहे, सगळं काढलं. फक्त एक किल्ली. आज ४० मिनिटं चालवली, बंद नाही पडली!

दोनसीटर
(दुसऱ्या दिवशी) बंद पडली. गणपतीला परत लावतोय, त्याचा काही दोष नव्हता.

निवृत्त_वर्कशॉप
मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, आता मुलाकडे नाशिकला असतो. इंग्रजी गाड्यांचं, जपानी गाड्यांचं मला कळत नाही पण करंट सगळीकडे सारखाच. बाळा, तुझा धागा सकाळपासून वाचतोय. सगळे कोणता पार्ट गेला ते सांगतायत. पार्ट विचारूच नकोस. करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे मरतो ते विचार.
आमच्याकडे रात्रीच्या गाडीचे हेडलाइट मध्येच जायचे, ड्रायव्हर डेपोत आला की सगळं ठणठणीत. उभ्या गाडीला रोग नसतोच. मग आम्ही काय करायचो, पाच-पाच वॅटचे तीन बल्ब घ्यायचो, एक स्विचच्या नंतर, एक रिलेच्या नंतर, एक दिव्यापाशी असे लावायचो आणि ड्रायव्हरच्या समोर आणून बांधायचो. पुढच्या फेरीत जो बल्ब आधी विझेल त्याच्या अलीकडे चोर. ड्रायव्हरला मेकॅनिकीतलं काही कळायची गरज नाही, फक्त कोणता विझला ते सांगायचं.
बल्बच लाव, एलईडी नको. तारेचा बल्ब करंट कमी झाला की मंद होतो, ते डोळ्याला दिसतं.

चाकणची_मीनल
काका, दंडवत. आम्ही ह्याच कामासाठी लाखांची डेटा लॉगर वापरतो.
दोनसीटर, काकांचंच करा. पहिला बल्ब इग्निशन स्विचच्या आउटपुटला, दुसरा मेन रिलेच्या आउटपुटला (रिले म्हणजे करंटने चालणारा स्विच, ईसीयू, इंजेक्टर, कॉइल ह्यांना करंट देणारा तो मेन), तिसरा फ्यूएल पंपाच्या वायरला. प्रत्येक टॅपला एक अँपिअरचा फ्यूज घाला, नाहीतर कुठे वायर घासली तर निदान राहील बाजूला आणि आग लागेल. फोन डॅशबोर्डवर असा बसवा की तीन बल्ब आणि आरपीएमचा काटा एका फ्रेममध्ये येतील, आणि रेकॉर्डिंग चालू करून निघा. म्हणजे तुम्हाला रस्ता सोडून कुठेच बघायला नको.
एक आधीच सांगून ठेवते. पंपाचा बल्ब विझला म्हणजे पंपाची लाइन खराब असं लगेच धरू नका. इंजिन फिरतंय हे ईसीयूला दिसेनासं झालं की तोच थोड्या वेळात पंप बंद करतो, अपघातात पेट्रोल सांडत राहू नये म्हणून. म्हणजे पंप कधी गुन्हेगार असतो आणि कधी नुसता साक्षीदार. क्रम बघायचा. तुमच्या गॅरेजने बहुतेक गाडी बंद असताना पंपाला करंट नाही हे बघितलं आणि पंप बदलला.

हिंजवडीचा_राजा
बल्ब आणि चिकटपट्टी. स्पोर्ट्स कार आहे की गणपतीची आरास?

घाटमाथा
अवांतर: स्पोर्ट्स कारवरून आठवलं, आपल्या गोव्यातही बनायची ना एक, सॅन स्टॉर्म. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. पणजीत एकदा लाल रंगाची बघितली होती तेव्हा मी सायकल टाकून मागे धावलो होतो.

निवृत्त_वर्कशॉप
फायबर बॉडी म्हणजे वायरमनला वेगळंच काम. पत्र्याच्या गाडीत पत्राच अर्थिंग असतो, कुठेही स्क्रू मारला की अर्थ मिळाला. फायबरला प्रत्येक दिव्याची परतीची वायर चासीपर्यंत ओढायला लागते. बाळा तुझी पत्र्याची आहे ना? तरी इंजिन ते बॉडी जी अर्थची पट्टी असते ती हाताने हलवून बघ.

दोनसीटर
पत्र्याची आहे काका. अर्थ पट्टी काढली, दोन्ही टोकं सँडपेपरने घासली, परत आवळली. काही फरक नाही.
आज ऑफिसला दांडी मारून बल्ब लावले. हार्डवेअरच्या दुकानात ५ वॅटचे बल्ब होल्डरसकट मिळाले. पांढरा स्विचला, केशरी मेन रिलेला, हिरवा पंपाला. म्हणजे पांढऱ्याच बल्बांवर बायकोचं नेलपॉलिश आणि मुलीचा मार्कर. बाहेरच्या वायरी ए पिलरच्या (पुढच्या काचेशेजारचा खांब) बाजूने आत आणल्या, पावसाळा नाहीये त्यामुळे चालून जाईल. आता ही गाडी एकतर स्पोर्ट्स कार दिसते किंवा एखाद्या लग्नाच्या बँडची.

दोनसीटर
सापडलं काहीतरी!!! सविस्तर लिहितो, लांब होईल.
सकाळी सात वाजता ऑफिसच्या मागचा मोकळा रस्ता. रविवार, चिटपाखरू नाही. फोन लावला, रेकॉर्डिंग चालू. आधी हायवेवर २० मिनिटं मारून गाडी गरम केली आणि मग त्या रस्त्यावर येऊन तिसऱ्या गिअरमध्ये नुसत्या चकरा. पंचविसाव्या मिनिटाला गेली. मी ह्यावेळी ताईंचं ऐकलं, क्लचला पाय लावला नाही, ती ताशी ३५ मैलांवरून गिअरमध्येच हळूहळू मंदावत गेली, मग शेवटी क्लच दाबून कडेला घेतली.
किल्ली तशीच ठेवली. डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा चालू, बॅटरीचा चालू. चेक इंजिन? काळा. पूर्ण काळा. रीडर लावला तर लिंकच होईना, स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरतंय.
मग मी काहीच केलं नाही, तसाच बसून राहिलो. रेडिओ चालू होता. साधारण आठव्या मिनिटाला चेक इंजिनचा दिवा आपोआप लागला. मी किल्लीला हातही लावला नव्हता. आणि त्याच वेळी मागून पंपाचा तो छोटा घूं आवाज. अंगावर काटा आला राव.
घरी येऊन व्हिडिओ बघितला, एकेक फ्रेम करून. पांढरा (स्विच) शेवटपर्यंत लख्ख. केशरी (मेन रिले) बंद पडायच्या आधी साधारण दोन सेकंद थरथरायला लागतो, मंद होतो, परत थोडा येतो आणि मग विझतो. त्याच क्षणी काटा धपकन शून्यावर, गाडी अजून ३० च्या वर पळतेय तरी. हिरवा (पंप) केशरीच्या मागोमाग.

चाकणची_मीनल
शाब्बास. आता बघा किती गोष्टी एका व्हिडिओत बाद झाल्या. स्विचचा बल्ब चालू, म्हणजे इग्निशन स्विच निर्दोष. पंप नंतर गेला, म्हणजे साक्षीदार. आणि क्रँक सेन्सर गेला असता तर काटा पडला असता पण चेक इंजिनचा दिवा लागला असता, कारण त्या दिव्याला करंट स्विचकडून येतो आणि ईसीयू फक्त त्याला अर्थ देतो. ईसीयूच मेलेला असेल तर अर्थ द्यायला कोणी नाही, दिवा काळा. रीडर लिंक होत नाही तेही त्यामुळेच. आणि कोड का पडत नाही हेही कळलं ना? ज्याने वहीत नोंद करायची तोच बेशुद्ध पडतोय.
मेन रिले किंवा त्याच्या आजूबाजूचं.

फ्रीमाँटकर
मेन रिलेच! मी सांगणारच होतो.

किल्लीकाढ
तुम्ही क्रँक सेन्सर सांगितला होता.

दोनसीटर
रिले बदलला. म्हणजे फ्यूजबॉक्समध्ये तसाच दुसरा एक होता त्याच्याशी अदलाबदल केली आणि नवा मागवून ठेवला. काल ५० मिनिटं, आज तासभर, हायवे ९ वरून पार स्कायलाइनपर्यंत जाऊन आलो. टप उघडं, धुकं, समोर समुद्राच्या बाजूला ढगांची गादी. एकदाही नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, धागा बंद करायला हरकत नाही.

निवृत्त_वर्कशॉप
अभिनंदन. पण बाळा, बल्ब काढू नकोस अजून. रिले तू उपटून परत खोचलास. खोचताना पाय घासले जातात, कार्बन निघतो, काँटॅक्ट दोन-चार दिवसांपुरता ताजा होतो. त्यामुळे रिले बदलून बरी झाली की नुसती हलवून बरी झाली हे आत्ता सांगता येत नाही. जुना रिले उघडून बघितलास का? आतले पॉइंट जळलेत का?

दोनसीटर
काका, उघडला. टोपण काढून बघितलं, पॉइंट चकचकीत आहेत, सोल्डरला भेग नाही, मुलीच्या भिंगातून बघितलं. मला वाटलं आतून काहीतरी दिसत नसलेलं असेल. आता धाकधूक वाटायला लागली.

दोनसीटर
(चार दिवसांनी) काका, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणू की काय म्हणू. पडली बंद. ऑफिसला जाताना, सिग्नलला. केशरी विझला, पांढरा चालू. मागच्याने हॉर्न वाजवला तर मी त्याला बल्ब दाखवला.

हिंजवडीचा_राजा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_वर्कशॉप
उत्तम झालं. आता चोर एका हाताच्या अंतरात आला. रिले नवा, तरी नंतरचा बल्ब विझतो, म्हणजे रिलेच्या आधीची वायर, रिले ज्यात खोचतो ती टर्मिनलं, किंवा नंतरची वायर. बॅटरीची निगेटिव्ह काढ. रिले उपट. आता रिलेच्या पायाएवढीच रुंद पत्र्याची पट्टी घे, जुना रिले फुकट आहेच, त्याचा एक पाय काढून घेतलास तरी चालेल. ती पट्टी एकेका भोकात खोच आणि बाहेर ओढ. बोटाला काय लागतं ते सांग. चारही भोकांत सारखं घट्ट लागलं पाहिजे.

दोनसीटर
काका...
एक नंबर, घट्ट. दोन नंबर, घट्ट. तीन, घट्ट, ओढायला जोर लागतो. चौथं भोक, जिथून करंट बाहेर जातो तेच, पट्टी खोचली आणि हात सोडला तर पट्टी आपोआप खाली पडली. इंजिन बेच्या तळाशी गेली, ती शोधायला अर्धा तास.
टॉर्च लावून बघितलं तर त्या टर्मिनलच्या दोन पाकळ्या आहेत त्यातली एक बाहेरच्या बाजूला वाकलेली. धातूचा रंग पितळी नाही, निळसर तपकिरी. आणि भोवतीचं प्लास्टिक कडेने फुगलंय, पापड भाजताना एका बाजूला फोड येतो तसं. नव्या रिलेच्या त्याच पायावरही चार दिवसांत डाग पडलाय.
आणि आता खरी शरमेची गोष्ट. मागच्या वर्षी हेडलाइटचं काहीतरी शोधताना मीच मल्टीमीटरची जाड पिन ह्या फ्यूजबॉक्समध्ये जमेल त्या भोकात खुपसत होतो. एका ठिकाणी बसेना म्हणून जोर लावला होता. ते भोक हेच की नाही हे शपथेवर सांगता येणार नाही पण बॉक्समध्ये दुसरं कोणी गेलेलं नाही. गॅरेजवाल्यांनी तर हा बॉक्स उघडलाच नव्हता.

चाकणची_मीनल
हे माझ्या टीममध्येही होतं, आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो की पिन भोकात पुढून खुपसायची नाही, मागून वायरीच्या बाजूने लावायची किंवा जोडीचा पाय लावून त्यावर मोजायचं.
आणि २५ मिनिटंच का लागायची तेही हिशोबात बसतं. समजा त्या ढिल्या जागी ०.१ ओहम रेझिस्टन्स झाला आणि १० अँपिअर वाहतायत, तर एक व्होल्ट तिथे पडतो आणि १० वॅट उष्णता त्या एवढ्याशा पाकळीत. बॉनेटखाली आधीच गरम. पाकळी तापली की अजून ढिली, ढिली झाली की रेझिस्टन्स अजून जास्त, की अजून तापते. शेवटी सुटते. करंट थांबला की गार होते, परत टेकते. तुमचा आठव्या मिनिटाचा दिवा तोच. खड्डा फक्त शेवटचा धक्का द्यायचा.
साध्या मल्टीमीटरने गाडी बंद असताना बघितलं असतं तर तिथे १२.४ व्होल्ट दिसले असते आणि सगळे म्हणाले असते करंट येतोय. लोड नसला की एका तारेचा धागाही १२ व्होल्ट दाखवतो.

किल्लीकाढ
पाकळी पक्कडने दाबून बसवा की झालं.

निवृत्त_वर्कशॉप
नाही. तापून निळी झालेली पाकळी म्हणजे तिची स्प्रिंग मेली. आज दाबशील, महिन्यात परत उघडेल. टर्मिनल नवं घाल. आणि क्रिंप कर, म्हणजे वायरीवर दाबून घट्ट बसव, नुसतं सोल्डर मारून सोडू नकोस, सोल्डर वायरीत वर चढतं आणि तिथे वायर कडक होऊन थरथरीने तुटते. जळकी वायर काळी पडली असेल तर तांबं लाल दिसेपर्यंत मागे कापायची.

दोनसीटर
झालं. भंगारच्या यार्डात त्याच मॉडेलची मागून ठोकलेली एक पडली होती, तिच्या फ्यूजबॉक्समधून टर्मिनल शेपटीसकट ५ डॉलरला आणलं. माझ्या बॉक्समधलं जुनं काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, आत एक प्लास्टिकची जीभ असते ती बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलायची आणि त्याच वेळी मागून वायर ओढायची, तीन हात लागतात, दोन माझे आणि एक मुलीचा. वायर इंचभर मागे कापली तेव्हा लाल तांबं लागलं. क्रिंप केलं, श्रिंक ट्यूब चढवली. पट्टीची परीक्षा घेतली, चौथं भोकही आता पट्टी सोडत नाही.
ताईंनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून बॅटरीच्या प्लसपासून मेन रिलेच्या आउटपुटपर्यंत व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, मोजला. हेच मी जुन्या टर्मिनलवर काढायच्या आधी गरम असताना मोजलं होतं तेव्हा १.४ व्होल्ट. आता ०.०८.
कालपासून आजपर्यंत साडेतीन तास चालवली. दोनदा हायवे ९, एकदा हायवे १७ वरून पार सांताक्रूझ. केशरी बल्ब एकदाही लवलवला नाही, मी सवयीने सारखा बघत होतो.

घाटमाथा
पाच डॉलर! आणि आधी ९०० गेले. गॅरेजवाल्याला धागा पाठवा.

दोनसीटर
पाठवून काय करू, त्याच्याकडे गाडी बंदच पडली नव्हती, त्याने अंदाजाने दोन पार्ट घातले, मी अंदाजाने दोन पार्टना हो म्हटलं. पंप तरी २५ वर्षांचा होता, चला. पण जुना पंप अगदी चांगला निघाला, बॅटरीला जोडून बघितला, मस्त फिरतो. आणि फ्रीमाँटकरांचं ऐकून मागवलेला ओरिजिनल क्रँक सेन्सर डबीतून काढलेलाही नाही. बे एरियातल्या कोणाला दोन्हीपैकी काही हवं असेल तर घेऊन जा, फुकट.

फ्रीमाँटकर
सेन्सर मला. नैतिक हक्क आहे. शनिवारी येतो, बाकरवडी घेऊन येतो.

चाकणची_मीनल
तो केशरी बल्ब थरथरतो तेवढा दोन सेकंदांचा व्हिडिओ मला पाठवाल का? सोमवारी नव्या मुलांना दाखवायचाय, लॉगरचा ग्राफ दाखवला की ती झोपतात.

निवृत्त_वर्कशॉप
मलाही पाठव, मुलाच्या मोबाइलवर. आणि बल्ब अजून महिनाभर राहू दे.

दोनसीटर
दोघांनाही पाठवला. बल्ब काढलेले नाहीत काका. बायको रोज विचारते, तुमची दिवाळी संपणार कधी.